मामांची २८० एसई आणि आमची हायक्रॉस

मामांच्या घराचे दुरुस्तीचे काम निघाले आणि गॅरेजची एक भिंत पाडावी लागणार असे ठरले, तेव्हा त्यांची १९८३ सालची मर्सिडीज-बेंझ २८० एसई तीन आठवड्यांसाठी आमच्या अंगणात येऊन उभी राहिली, आमच्या टोयोटा इनोव्हा हायक्रॉसच्या अगदी शेजारी. किल्ली हातात देताना मामा म्हणाले, "नुसती उभी ठेवू नकोस गं. आठवड्यातून एकदा वीसेक किलोमीटर फिरव, म्हणजे बॅटरी उतरणार नाही आणि टायर एकाच जागी दबून बसणार नाहीत." तीन आठवडे म्हणजे साठ किलोमीटर, एवढा हिशेब मी तिथल्या तिथे केला आणि मान हलवली.

पहिल्याच संध्याकाळी दोन्ही गाड्यांची कागदपत्रे आणि माहितीपुस्तिका समोर घेऊन बसले, आणि एका योगायोगाने मला चकित केले. मामांच्या गाडीत २७४६ सीसीचे सहा सिलिंडरांचे इंजिन आहे आणि त्याची शक्ती १८५ अश्वशक्ती आहे. आमच्या हायक्रॉसमध्ये १९८७ सीसीचे चार सिलिंडरांचे इंजिन आणि एक विद्युत मोटर मिळून १८६ अश्वशक्ती निर्माण करतात. पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर जुनीचे २९३५ मिलिमीटर, नवीचे २८५०. जुनीचे वजन १५६० किलो, नवीचे त्याहून थोडे जास्त. म्हणजे ज्या गाडीला चाळीस वर्षांपूर्वी जगातल्या सर्वोत्तम सेडानांमध्ये गणले जात असे, तिच्याएवढीच ताकद आणि जवळपास तेवढाच पाया आज मुलांना शाळेत सोडणाऱ्या आणि आठवड्याचा किराणा वाहणाऱ्या गाडीला मिळालेला आहे. आकडे एवढे जवळ असताना प्रत्यक्षात या दोन गाड्यांत एकही गोष्ट सारखी वाटत नाही, हे कोडे मला पुढचे तीन आठवडे पुरले.

आपण मराठीत "आराम" आणि "सोय" हे शब्द बऱ्याचदा एका दमात वापरतो, जणू ते एकच आहेत. या दोन गाड्या आलटूनपालटून चालवल्यावर माझी खात्री झाली की ते एक नाहीत. जुनी गाडी आरामासाठी बांधलेली आहे, नवी सोयीसाठी. आणि दोन्ही ठिकाणी बांधणाऱ्यांनी आपले काम मनापासून केलेले आहे.

सोयीचा विषय निघालाच आहे तर आधी आईच्या गुडघ्यांबद्दल सांगते, कारण आमच्या घरात गाडीचा निर्णय त्यांनीच घेतला होता. जुनी गाडी नवीपेक्षा चोवीस सेंटिमीटर लांब आहे आणि सुमारे पस्तीस सेंटिमीटर बुटकी आहे. कागदावर हा फरक किरकोळ वाटतो. प्रत्यक्षात मर्सिडीजच्या मागच्या आसनावर बसायचे म्हणजे आधी वाकायचे, मग खाली उतरायचे आणि मग आत सरकायचे. उठताना हेच सगळे उलट क्रमाने, आणि तेही स्वतःच्या पायांच्या जोरावर. आईला बसवताना मी दार धरले, तिने वरच्या पट्टीला हात लावला, आणि बसल्यावर ती समाधानाने म्हणाली की सोफ्यात बसल्यासारखे वाटते. उतरताना मात्र तिला दोघांनी धरावे लागले. हायक्रॉसचे आसन तिच्या कंबरेच्या उंचीवर येते. ती त्यावर टेकते आणि पाय आत घेते, एवढेच. लोक मोठ्या उंचीच्या गाड्या ऐटीसाठी घेतात असे म्हटले जाते आणि त्यात तथ्यही आहे, पण ज्या घरात सत्तरी ओलांडलेले माणूस आहे त्या घरात या उंचीचे मोल ऐटीच्या पलीकडचे असते.

आता आरामाकडे येते, आणि इथे मला थोडे थांबायचे आहे.

मर्सिडीजच्या आसनात आजच्यासारखा नुसता फोमचा ठोकळा नाही. आत लोखंडी स्प्रिंगांची चौकट आहे आणि तिच्यावर रबर लावून घट्ट केलेल्या घोड्याच्या केसांची गादी. पहिल्यांदा बसल्यावर आसन टणक लागते. मऊपणाच्या अपेक्षेने बसणाऱ्याची थोडी निराशाच होते. परंतु दोन तास सलग चालवून मी उतरले तेव्हा पाठीकडे माझे लक्षच गेले नाही, आणि चांगल्या आसनाची परीक्षा तीच असते. स्प्रिंग शरीराचे वजन पसरवते, केसांच्या गादीतून हवा खेळती राहते, आणि गाडी हलते तेव्हा आसनही तिच्याबरोबर किंचित खालीवर होऊन उरलासुरला धक्का गिळते. म्हणजे रस्ता आणि पाठ यांच्यामध्ये टायर, गाडीच्या स्प्रिंगा आणि आसनाच्या स्प्रिंगा असे तीन पहारे आहेत.

टायरांचेच पाहा. मामांच्या गाडीचे टायर १९५/७० आर १४ या मापाचे आहेत. यातला सत्तर हा आकडा टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के आहे ते सांगतो, म्हणजे रिम आणि रस्ता यांच्यामध्ये सुमारे १३६ मिलिमीटर रबर आणि हवा आहे. हायक्रॉसच्या वरच्या प्रकाराला २२५/५० आर १८ असे टायर येतात. तिथे तीच उंची ११२ मिलिमीटरच्या आसपास भरते. मोठी रिम दिसायला भारदस्त असते, वळणावर टायर कमी दुमडतो, परंतु खड्ड्याची कड आदळते तेव्हा ते चोवीस मिलिमीटर कुठे गेले ते लगेच कळते. त्याहून मोठा फरक मागच्या चाकांच्या बांधणीत आहे. जुन्या गाडीत मागची दोन्ही चाके आपापल्या तिरक्या आर्मवर स्वतंत्रपणे खालीवर होतात. डावे चाक खड्ड्यात गेले तरी उजव्याला त्याची खबर नसते. हायक्रॉसमध्ये मागे टॉर्शन बीम आहे, म्हणजे दोन्ही बाजूंना जोडणारी, पिळ खाऊ शकणारी एक आडवी तुळई. ती कमी जागा घेते, हलकी असते, तिला देखभाल जवळपास लागत नाही, आणि तिच्यामुळेच वरती तिसऱ्या रांगेत तीन माणसे आणि त्यांच्या मागे बॅगा बसवता येतात. सात जणांची सोय आणि मागच्या चाकांचे पूर्ण स्वातंत्र्य या दोहोंपैकी एक निवडायचे असेल तर कुटुंबाची गाडी बनवणारा सात जणांना निवडणार, आणि मला त्यात काही चूक दिसत नाही. मात्र लांबलचक, सलग लहरी असलेल्या रस्त्यावर २८० एसई ज्या पद्धतीने एकदा वर येते, एकदा खाली बसते आणि मग शांत होते, ते अनुभवल्यावर हायक्रॉसच्या मागच्या बाजूची ती बारीक, घाईची हालचाल मला प्रथमच जाणवू लागली. तोपर्यंत ती होती हेसुद्धा मला ठाऊक नव्हते.

स्टिअरिंगबाबत उलट बोलावे लागेल. जुनीचे चाक परातीएवढे मोठे आहे, आणि त्यामागची यंत्रणा गोळ्यांवर फिरणाऱ्या स्क्रूची, जिच्यात मधल्या भागात थोडी ढिलाई असणे हा जवळपास स्वभावच असतो. सरळ रस्त्यावर ही ढिलाई सुखाची वाटते, कारण हाताच्या प्रत्येक लहानशा थरथरीला गाडी उत्तर देत बसत नाही. घाटातल्या वळणांवर मात्र मला आधी अंदाज बांधावा लागत असे, मग चाक फिरवावे लागत असे आणि मग गाडी काय म्हणते याची वाट पाहावी लागत असे. नवी गाडी सांगितल्याबरोबर वळते. उंच असूनही वळते, याचे श्रेय तिच्या मोनोकॉक, म्हणजे चौकट आणि सांगाडा एकच असलेल्या, बांधणीला द्यायला हवे. आधीच्या इनोव्हा शिडीसारख्या चौकटीवर बांधलेल्या आणि मागच्या चाकांनी चालणाऱ्या होत्या. २०२२ च्या अखेरीस आलेल्या हायक्रॉसने, जिला इंडोनेशियात झेनिक्स म्हणतात, चौकट सोडली आणि पुढच्या चाकांकडे शक्ती वळवली.

इंजिनांची तुलना करताना मला एखाद्या जुन्या वैद्याची आणि आजच्या प्रयोगशाळेची आठवण होते, जरी उपमा थोडी ओढाताणीची असली तरी. मामांच्या गाडीचे बॉनेट उघडले की मधोमध एक धातूचा ठोकळा दिसतो आणि त्यातून सहा नळ्या कोळ्याच्या पायांसारख्या निघून सहा सिलिंडरांकडे गेलेल्या दिसतात. ही बॉशची के-जेट्रॉनिक यंत्रणा. इंजिनात ओढल्या जाणाऱ्या हवेच्या वाटेत एक गोल चकती बसवलेली असते. हवेचा प्रवाह वाढला की ती सरकते, तिच्या दांड्याने एक छोटा दट्ट्या वर सरकतो, आणि तो जेवढा सरकेल त्या प्रमाणात सहाही नळ्यांतून पेट्रोल सतत फवारले जाते. इंजिनाला किती पेट्रोल हवे हे मोजण्याच्या या कामात संगणकाचा हात कुठेच लागत नाही. ते गणित हवेचा जोर, दट्ट्याचे सरकणे आणि पेट्रोलचा दाब मिळून सोडवतात. मी मामांच्या देखत एकदा ती चकती बोटाने हळूच दाबून पाहिली होती, आणि एवढ्या गुळगुळीतपणे हलणारी दुसरी वस्तू मी घरातल्या शिवणयंत्राशिवाय पाहिलेली नाही.

अशा यंत्रणेचे वार्धक्यही यांत्रिकच असते. इंजिन बंद केल्यावर नळ्यांमधला दाब टिकवण्यासाठी एक लहानसा डबा असतो, त्यातला रबरी पडदा वर्षांनुवर्षांच्या वापराने थकतो, आणि मग गरम गाडी पंधरा मिनिटे थांबवून पुन्हा सुरू करायला जावे तर ती उगाच खोकत राहते, कारण दाब उतरल्याने नळ्यांत पेट्रोलची वाफ झालेली असते. कोणत्याही जुन्या गाडीत असे होऊ शकते, आणि त्याचे निदान दाबमापक लावून दहा मिनिटांत करता येते. मुद्दा असा की बिघाडाला चेहरा असतो. त्याचे कारण हातात धरून पाहता येते.

हायक्रॉसच्या बॉनेटखाली पाहण्यासारखे फारसे नाही, एक प्लॅस्टिकचे झाकण आणि नारिंगी रंगाच्या जाड तारा, ज्यांना हात लावायचा नाही. खरी करामत आत आहे. १९९७ मध्ये टोयोटाने प्रियस बाजारात आणली तेव्हापासून चालत आलेली ही मांडणी: दात असलेल्या चाकांचा एक ग्रहमालेसारखा संच, मध्ये सूर्याच्या जागी एक जनित्र, भोवती फिरणाऱ्या ग्रहांच्या चौकटीला इंजिन, आणि बाहेरच्या कड्याकडून चाकांना जाणारी शक्ती, जिथे मोठी मोटरही आपले बळ मिसळते. क्लच नाही, बदलायचे गिअर नाहीत. जनित्राचा वेग कमीजास्त केला की इंजिन आणि चाके यांचे नाते आपोआप बदलते. शिवाय इंजिन ॲटकिन्सन चक्राच्या तत्त्वावर चालते, म्हणजे आत येणाऱ्या हवेची झडप मुद्दाम उशिरा बंद करून थोडी ताकद सोडून द्यायची आणि तेवढ्याच पेट्रोलमधून जास्त काम काढून घ्यायचे. सोडून दिलेली ताकद मोटर भरून काढते.

आता त्या १८५ आणि १८६ चे कोडे इथे सुटते. जुन्या इंजिनाचे २४० न्यूटन मीटर बळ ४५०० फेऱ्यांवर मिळते. त्याआधी ते इंजिन सभ्यपणे, सावकाश चालते, आणि चार हजारांच्या पुढे गेल्यावर त्याच्या आवाजात असा काही खर्ज येतो की पायाखालची गाडी एकदम दहा वर्षांनी तरुण झाल्यासारखी वाटते. नवीची मोटर आपले २०६ न्यूटन मीटर चाक हललेले नसतानाच हजर करते. त्यामुळे सिग्नलवरून निघताना, गर्दीत पुढे सरकताना, चढावर थांबून पुन्हा चालू लागताना हायक्रॉस जुनीला सहज मागे टाकते, तेही आवाज न करता. पण चढावर भरल्या गाडीने ओव्हरटेक करायला पाय पूर्ण दाबला की इंजिन एकाच उंच सुरात ओरडत राहते आणि वेग मागाहून, आपल्या गतीने येतो. कान एक सांगतो आणि डोळे दुसरे. माझ्या मुलाला त्यात काही वावगे वाटत नाही. गिअर बदलल्याचा हिसका त्याने मुळात फारसा अनुभवलेलाच नाही.

पेट्रोलच्या बाबतीत वादाला जागा नाही. २८० एसईने माझ्या हातात लिटरमागे आठ किलोमीटर दिले, आणि मामांच्या मते मी ती हळू चालवली म्हणून एवढे तरी मिळाले. हायक्रॉस आम्हाला मोकळ्या रस्त्यावर, माणसे आणि सामान भरून, सतरा-अठरा देते. जुनीची टाकी ९० लिटरची आहे, नवीची ५२ ची. तरीही एका टाकीत नवीच पुढे जाते. जुनीच्या डॅशबोर्डवर पेट्रोलची काटकसर दाखवणारा एक काटा आहे, जो पाय दाबताच तांबड्याकडे झेपावतो. त्या काळात तेवढी जाणीव करून देणे पुरेसे समजले जात असावे.

त्या काट्याच्या जवळच तेलाच्या दाबाचा काटा आहे, आणि मला या गाडीतली सर्वात आवडलेली गोष्ट विचाराल तर मी तोच दाखवीन. थंड इंजिन सुरू केले की तो तीनच्या आकड्याला जाऊन चिकटतो. इंजिन गरम होऊन शांत फिरू लागले की हळूहळू खाली येतो, आणि पाय लावताच पुन्हा वर. आतल्या यंत्राचा श्वास चालू आहे हे तो सतत सांगत असतो. हायक्रॉसच्या पडद्यावर इंजिन, बॅटरी आणि चाके यांच्यामध्ये बाण वाहताना दिसतात, मुलांना ते फार आवडतात, मलाही पहिला महिनाभर आवडले. पण ते चित्र आहे.

चित्रावरून बटणांकडे जाते. मामांच्या गाडीच्या दारावर आसन हलवण्याचा जो स्विच आहे, त्याला आसनाचाच आकार दिलेला आहे: पाठ मागे करायची तर स्विचची पाठ मागे ढकला, बैठक वर उचलायची तर स्विचची बैठक वर उचला. १९७९ मध्ये या गाडीबरोबर आलेली ही कल्पना आजही त्या घराण्यातल्या गाड्यांवर दिसते, आणि त्याहून चांगली कल्पना नंतर कोणाला सुचली असेल असे मला वाटत नाही. आईला तो स्विच समजावून सांगावा लागला नाही. हायक्रॉसच्या मधल्या रांगेतील आसन मागे झोपवून पायांखालची गादी पुढे काढायची सोय तिला खूप आवडते, परंतु कोणते बटण कशाचे हे ती दर वेळी विचारते. सगळ्याच नव्या गाड्यांत बरेचसे काम पडद्यावर गेले आहे आणि पडद्याला बोटाने चाचपून ओळखता येत नाही; चालत्या गाडीत त्याच्याकडे पाहावेच लागते. या एका बाबतीत आपण मागे गेलो आहोत असे माझे स्पष्ट मत आहे.

दिसण्याबाबतही तसेच. जुन्या गाडीच्या काचा मोठ्या आणि खांब बारीक, त्यामुळे चारही बाजूंचे जग उघडे असते. बॉनेटच्या टोकावरचा तारा बंदुकीच्या माशीसारखा पुढचे टोक दाखवतो, आणि पाच मीटर लांबीची ती गाडी मी पहिल्याच दिवशी कोणाच्या मदतीशिवाय अंगणात लावली. नवीचे खांब जाड आहेत. गाडी उलटली तर छत खाली दबू नये म्हणून, आणि आत पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग बसावी म्हणून ते जाड असावे लागतात. त्या खांबांनी झाकलेले जग मग कॅमेऱ्यांनी परत आणून द्यावे लागते. आधी डोळ्यांवर पट्टी बांधायची आणि मग काठी द्यायची, असे कोणी म्हणेल. पण पट्टी कशासाठी बांधली आहे ते कळल्यावर मी तरी तसे म्हणणार नाही.

कारण सुरक्षिततेचा विषय आला की माझी जुन्या गाडीवरची माया मला बाजूला ठेवावी लागते. गंमत अशी की या विषयात नवी गाडी जुनीचीच वारसदार आहे. धडकेत पुढचा भाग चुरगळावा आणि माणसांची कोठडी शाबूत राहावी, ही बेला बारेनी यांची कल्पना मर्सिडीजने १९५९ च्या सेडानमध्ये प्रत्यक्षात आणली. त्याच वर्षी व्होल्व्होच्या निल्स बोहलिन यांनी तीन बिंदूंचा पट्टा दिला. ब्रेक दाबल्यावर चाके अडकून गाडी घसरू नये म्हणून बॉशने तयार केलेली एबीएस यंत्रणा १९७८ मध्ये मामांच्या गाडीच्या आधीच्या पिढीत आली. मामांच्या गाडीची पिढी, जिचे रूप ब्रुनो साक्को यांच्या देखरेखीखाली ठरले, समोरून केवळ एका बाजूने होणारी धडक ताशी ५५ किलोमीटर वेगाला सोसण्याच्या हिशेबाने रचली गेली, आणि १९८१ पासून तिच्यात चालकासाठी एअरबॅग घेता येऊ लागली. मागच्या दिव्यांवरच्या आडव्या खाचासुद्धा शोभेच्या नाहीत. चिखल उडाला तरी खोलगट भाग स्वच्छ राहावा आणि मागच्याला दिवा दिसावा, हा त्यांचा हेतू आहे. घसरणारी गाडी सावरणारी इएसपी यंत्रणासुद्धा १९९५ मध्ये याच घराण्याच्या एका कूपेतून आली.

पण हे सगळे त्या काळी थोड्यांसाठी होते, आणि पुष्कळदा वेगळे पैसे मोजून. मामांच्या गाडीत एअरबॅग नाही. आमच्या गाडीत सहा आहेत, घसरण सावरणारी यंत्रणा आहे, आणि समोरचे वाहन अचानक थांबले तर स्वतः ब्रेक लावणारे रडार आहे. गाडी आपली रेषा सोडू लागली की स्टिअरिंगला हळूच हात घालणारी जी व्यवस्था हल्लीच्या गाड्यांत असते ती मी अरुंद रस्त्यावर बंद ठेवते, कारण खड्डा चुकवण्याचा माझा हेतू तिला कळत नाही. ब्रेक लावणारे रडार मात्र मी कधीच बंद करत नाही. मुलीचे लहान मुलांसाठीचे आसन हायक्रॉसमध्ये आयसोफिक्सच्या, म्हणजे गाडीतच कायम बसवलेल्या, दोन कड्यांत खटकन बसते. २८० एसईमध्ये ते पट्ट्याने आवळायला मला वीस मिनिटे लागली, आणि शेवटी हलवून पाहिले तर ते हललेच. मी ते आसन काढून पुन्हा हायक्रॉसमध्ये लावले, आणि त्यानंतर मुलांना घेऊन जुनी गाडी बाहेर काढली नाही.

देखभालीवर फार लिहीत नाही. जुनीला सतत थोडे थोडे लक्ष लागते, नवीला वर्षभर काहीच लागत नाही आणि लागते तेव्हा संगणकच लागतो. मात्र एक फजिती सांगायलाच हवी, आणि तिच्यात चूक सर्वस्वी माझी होती. त्या तीन आठवड्यांत मी जुनीच्याच मागे लागल्यामुळे नवी नऊ-दहा दिवस जागची हलली नाही, आणि तिच्यातला एक दिवा रात्रंदिवस चालू राहिला होता. सकाळी बटण दाबले तर पडदा क्षणभर लुकलुकला आणि विझला. गाडी पुढे ढकलणारी मोठी बॅटरी व्यवस्थित भरलेली होती, पण तिला जागे करणारी बारा व्होल्टची लहान बॅटरी संपली होती, आणि हायब्रिड गाडीत ती जागी झाल्याशिवाय मोठीकडे जाणारी वाट उघडतच नाही. ढकलून सुरू करण्याचा प्रश्नच नव्हता. अखेर मी २८० एसई तिच्या नाकासमोर आणून उभी केली, दोन तारा जोडल्या, आणि चाळीस वर्षांच्या म्हातारीने आपल्या बॅटरीवरून नातीला उठवले. आई व्हरांड्यातून हे सगळे पाहत होती आणि तिला हसू आवरत नव्हते.

मामा गाडी न्यायला आले ते आमच्या हायक्रॉसमधून, कारण मीच त्यांना आणायला गेले होते. मधल्या रांगेत बसून त्यांनी पायांखालची गादी बाहेर काढली, छताच्या काचेतून दोन मिनिटे आभाळ पाहिले आणि अर्ध्या वाटेत चक्क घोरू लागले. घरी पोहोचल्यावर उतरताना म्हणाले, "छान आहे गं, काही कळतच नाही." हे कौतुक होते की तक्रार, ते मी विचारले नाही.

मग त्यांनी आपल्या गाडीचे दार उघडले. त्या दाराचा बंद होतानाचा जाड, दबका आवाज मी तीन आठवडे ऐकत होते, तरी तो पुन्हा ऐकायला मी जवळ जाऊन उभी राहिले. त्यांनी किल्ली फिरवली, तेलाचा काटा वर जाऊन बसला, आणि ते अंतर मोजणाऱ्या आकड्यांकडे वाकून पाहू लागले. खिशातून एक चिठ्ठी काढून त्यांनी तो आकडा तिच्यावरच्या आकड्याशी ताडून पाहिला, आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहत विचारले, "साठ म्हणालो होतो ना मी? हे चारशे बारा कसे झाले?"

"बॅटरी उतरू नये म्हणून, मामा."

"आणि टाकी?"

"काठोकाठ भरली आहे."

त्यांनी चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली, डाव्या पायाने लावलेला पार्किंग ब्रेक डॅशबोर्डखालची मूठ ओढून सोडला, आणि फाटकाबाहेर पडण्यापूर्वी काच खाली करून एवढेच सांगितले की पुढच्या महिन्यात रंगाचे काम निघणार आहे, तेव्हा गाडी पुन्हा आठवडाभर इकडेच आणून ठेवावी लागेल.